आयतोबा नावाचा मासा

माशाचं चित्र काढायचं तर त्याचं तोंड डावीकडे काढायचं. ओळखपुस्तकांत सगळीकडे असंच काढतात म्हणे, म्हणजे दोन मासे शेजारी ठेवून ताडून बघायला सोपं जातं. पर पूर्ण पसरलेले हवेत, तोंड मिटलेलं हवं, अंगाला बाक नको. मी तेहतीस वर्षं साड्यांवर मोर काढले आणि मोराचं तोंड शेठ म्हणेल तिकडे फिरवलं. त्यामुळे साठीच्या उंबऱ्यावर कोणीतरी मला तोंडाची दिशा शिकवायला लागलं तेव्हा रागच आला. हा राग पुढे तीन वर्षं टिकला, फक्त त्याचं गिऱ्हाईक बदललं.

संपादकांना माझ्याकडून तापीच्या माशांच्या पुस्तकाचा अनुभव हवा आहे. मासे येतीलच. पण खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत मी मासे रंगवले त्याहून जास्त वेळ एका मासेवालीवर जळण्यात घालवला, आणि ते वगळून लिहिलं तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

मी सुकलाल. जन्म तापीकाठचा, अमळनेर तालुक्यातला. विशीच्या आत सुरतेला आलो. राहायला नवागामात आणि कामाला पलसाण्याच्या एका प्रिंटिंग मिलच्या डिझाइन खोलीत. बाहेरच्यांना वाटतं, डिझाइनवाला म्हणजे दिवसभर कल्पनेच्या भराऱ्या मारत असेल. तसलं काही नसतं. व्यापारी येतो, पिशवीतून दुसऱ्याच कोणाची तरी बाजारात चाललेली साडी काढतो, टेबलावर पसरतो आणि म्हणतो, "आना जेवुं ज, पण थोडुं अलग." अगदी अशीच, पण जराशी वेगळी. या एका वाक्यावर माझा संसार झाला. कोयरी उलटी करायची, पाच पाकळ्यांच्या सहा करायच्या, देठ वळवायचा. मग तो बुटा असा बसवायचा की वरच्या कडेला तुटलेली वेल खालच्या कडेला जुळली पाहिजे, कारण छापताना तेच चित्र सबंध साडीभर पुन्हा पुन्हा येतं. कुठे रिकामी जागा दिसली की शेठ ओरडायचा, "आ खाली केम?" त्यामुळे जागा भरणं आणि तोल सांभाळणं माझ्या बोटांत मुरलं होतं.

पुढे डिझाइन खोलीत कॉम्प्युटर आले आणि हाताने काढणाऱ्यांना एकेक करून नारळ मिळाला. मी भेस्तान, नवागाम भागात दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. नवागामच्या बाजारात बेबाबाई मासे विकते. ती आमच्याच बाजूची, माझ्याहून सहासात वर्षांनी मोठी. तिचा बाप तापीत जाळं टाकायचा, नवरा उकाईच्या धरणात टाकायचा. तिच्या पाटीवर मी एक मरळ काढला, तो तिने मला तीनदा पुसायला लावला.

"पेंटरभाऊ, पाठवरना पर डोकापाईन शेपटीलगून जास. तू तं मधमाज तोडी टाका," ती म्हणाली. म्हणजे पाठीवरचा पर डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग जातो, आणि मी तो मध्येच तोडला होता. मी वैतागून तिला हवा तसा काढून दिला.

त्याच पाटीने मला पुस्तकाचं काम मिळवून दिलं. नीलाबेन म्हणून एक बाई, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, खालच्या तापीतल्या गोड्या पाण्याच्या माशांचं पुस्तक करत होत्या. उकाईपासून सुरतेपर्यंत नदीत, खाड्यांत आणि तळ्यांत जे मासे मिळतात त्यांचं खिशात मावेल असं पुस्तक. कोणीही काठावर उभं राहून हातातला मासा आणि पानावरचं चित्र ताडून बघावं, अशी त्यांची कल्पना. माशांचे नमुने घ्यायला त्या बाजारात आल्या आणि पाटीसमोर थांबल्या.

"आ कोणे दोर्युं?" हे कोणी काढलं, असं त्यांनी विचारलं.

मी शेजारच्या दुकानावर शिडी लावून उभा होतो. खाली उतरलो.

"पाठवरचा पर बरोबर काढलाय तुम्ही. शिकलेले लोकसुद्धा चुकतात," नीलाबेन आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाल्या.

बेबाबाई पाटीखाली बसून खवले काढत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी हात जोडून म्हणालो, "बस, नजर आहे थोडी." पहिली चोरी ती.

आता या कामाबद्दल थोडं सांगतो. लोक विचारतात, फोटो का नाही? मीही विचारलं होतं. नीलाबेन म्हणाल्या, फोटोत त्या एका माशाचं दुखणं-खुपणंही येतं, कोणाचा पर फाटलेला, कोणाचं पोट सुजलेलं. चित्रात त्या जातीच्या सगळ्या माशांचं जे सारखं असतं तेवढंच आणता येतं. मासा मेला की रंग तासाभरात उतरतो, म्हणून आधी झटपट रंग टिपायचे. मग थर्माकोलवर त्याला आडवा ठेवून टाचण्यांनी पर पसरायचे. मग दोन टोकांच्या कंपासने मापं घ्यायची. डोळा केवढा, डोळ्यापासून तोंड किती, पर कुठे सुरू होतो. बहुतेक माशांच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. त्या रेघेवर किती खवले आहेत यावरून दोन सारखे दिसणारे मासे वेगळे ओळखतात.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच माशाला मी खवल्यांची सुरेख जाळी भरली, साडीच्या पदराला भरतो तशी, सगळे खवले एका मापाचे. नीलाबेननी भिंग लावलं, सुईच्या टोकाने एकेक मोजायला लागल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. "बहु सरस छे, सुकलालभाई. पण कुदरत साडी नथी बनावती." मी ते चित्र फाडलं आणि खऱ्या माशाचे खवले मोजायला बसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, थोडं मोजण्याने आणि थोडं अपमानाने.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पुढे एक बारका मासा आला, बोटभर लांबीचा, चांदीच्या रंगाचा, अंगावर दोन काळे ठिपके. एक कल्ल्याच्या मागे, दुसरा शेपटीजवळ. मी मन लावून काढला. नीलाबेनना दाखवायला नेला तेव्हा त्या बाजारातच होत्या, बेबाबाईच्या ओट्यावर बसून चहा पीत होत्या. नीलाबेन चित्रावर खूश झाल्या. बेबाबाईने ओले हात पदराला पुसले, वाकून बघितलं आणि विचारलं, "पेंटरभाऊ, याले तिसरा टिपका कोनी दिधा?"

मी बघितलं. खरंच, दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये मी तिसरा ठिपका घातला होता. कधी घातला ते मला आठवत नव्हतं. मधे जागा मोकळी होती आणि हाताने ती भरून टाकली होती.

"हाई मासा शे का पोलकं?" बेबाबाई म्हणाली.

नीलाबेनना अर्थ कळला नाही, पण त्या हसल्या. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, चित्र निरखलं आणि बेबाबाईचा हात हातात घेतला. भिंग, फॉर्मेलिनच्या बरण्या, जाडजूड ग्रंथ, एवढं सगळं असून त्यांच्या नजरेतून सुटलेली चूक या निरक्षर बाईने उभ्या उभ्या पकडली, याचा नीलाबेनना कोण आनंद झाला होता. त्या दिवसापासून प्रत्येक चित्र माझ्याकडून आधी बेबाबाईकडे जायला लागलं. ती बघायची आणि म्हणायची, "व्हई." नाहीतर म्हणायची, "नही." एवढंच. छान काढलंस असं तिने एकदाही म्हटलं नाही.

मला तिचा हेवा वाटायला लागला. साधा नाही, झोंबणारा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी 'सुकलालभाई, तुमच्या मते?' असं विचारणारं भेटलं होतं, आणि त्या नीलाबेन आता माझ्या मताआधी खवल्यांनी भरलेल्या एका मांडीकडे बघायच्या. त्या दोघी ओट्यावर बसून गप्पा मारायच्या, एक गुजरातीत, दुसरी अहिराणीत, आणि दोघींचं बरोबर जमायचं. मला दोघींच्याही भाषा कळत होत्या आणि मी बाजूला ब्रश धुवत उभा. कधी बेबाबाई बाजारात आली नाही की मला बरं वाटायचं, आणि मग नीलाबेन काळजीने तिची चौकशी करायच्या तेव्हा ते बरं वाटणंही जायचं.

पुस्तकात यायची हौस कोणाला नव्हती? भेस्तानचा एक काचेच्या पेट्यांत मासे पाळणारा गृहस्थ बादली घेऊन आला. बादलीत एक काळा, चिलखत घातल्यासारखा, खाली तोंड असलेला मासा. खाडीत सापडला म्हणे. नीलाबेन बघून गंभीर झाल्या. हा इथला नाही, कोणीतरी पेटीतून आणून सोडलेला आहे, असं म्हणाल्या. गृहस्थ पटकन म्हणाला, "मैंने नहीं छोड़ा. पर नाम तो मेरा आएगा ना?" माशाचं नाव काय, हे त्याने विचारलंच नाही. मी त्याला मनात भरपूर हसलो. मला वाटायचं, मी त्याच्यापेक्षा बराच वरचा माणूस आहे.

मग आला नावांचा रकाना. प्रत्येक माशाखाली चार नावं हवी होती. शास्त्रातलं, गुजराती, हिंदी आणि खानदेशी. खानदेशी कशाला, असं कोणीतरी विचारलं तेव्हा नीलाबेन म्हणाल्या होत्या की ही नदी आधी खानदेशातून येते, आणि तिच्या मागोमाग अर्धा खानदेशही इथे आला आहे. नवागामच्या पोरांना 'फिश' हा शब्द येतो, पण आजी ज्याला नावाने हाक मारते तो मासा कोणता, हे येत नाही. त्यांनी माझ्यापुढे कोरा तक्ता ठेवला. "तमे तो त्यांना ज. तुम्ही तिकडचेच ना, तुम्हाला येत असतील नावं?"

मी म्हणालो, "येतात ना."

येत नव्हती. एकही नाही. मरळ आणि शिंगाडा सोडला तर मला एका माशाचं नाव सांगता आलं नसतं. माझी अहिराणी मी स्वतः धुऊन काढली होती. मिलमध्ये अहिराणी म्हणजे मजुरांची बोली. डिझाइन खोलीतले आम्ही गुजराती बोलायचो. पोरांशी घरी हिंदी आणि शाळेतली मराठी. एकदा आई गावाहून आली आणि मिलच्या दारात उभी राहून मोठ्याने "सुकलाल, आठे ये ना रे" म्हणाली, तेव्हा मी धावत जाऊन तिला गप्प केलं होतं. आई पुन्हा मिलकडे आली नाही. आता तीच बोली एका पुस्तकात मानाने छापली जाणार होती, आणि ती माझ्याकडे नव्हती. बेबाबाईच्या तोंडात मात्र ती जशीच्या तशी होती. तिने ती कधी लपवली नव्हती, म्हणून हरवलीही नव्हती. मला तिचा जो हेवा होता त्याचं मूळ खरं तर इथे होतं, पण हे मी आज लिहितो आहे. तेव्हा मला वाटत होतं की बाई उगाच भाव खाते.

मी रोज बाजारात जायला लागलो. पाव किलो काहीतरी घ्यायचं आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "आक्का, हा कोणता?" बेबाबाई मोकळेपणाने सांगायची. नाव सांगायची आणि नावामागचं कारणही सांगायची. हा पाण्याबाहेर काढला की घोगऱ्या आवाजात ओरडतो म्हणून घोगऱ्या. ही दगडाखाली मुरून बसते म्हणून मुरी. मी ते पाठ करत घरी यायचो आणि तक्त्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहायचो. मी मासा खात नाही. मिलमध्ये आयुष्यभर रंगांचा वास घेतल्यावर मला वासाचं काहीच चालत नाही. घेतलेला मासा शेजारी देऊन टाकायचो. शेजारीण म्हणायची, "भाऊ, देवमाणूस तुम्ही."

तक्ता भरत आला तशा नीलाबेन हरखल्या. पुस्तकात 'चित्रे आणि खानदेशी नावे' असं म्हणून माझं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं. मी एकदाही म्हणालो नाही की नावं माझी नाहीत. मी स्वतःला समजावलं, नावं कोणाच्या मालकीची थोडीच असतात? ती तर सगळ्या खानदेशाची, आणि मी खानदेशीच. चोराला युक्तिवाद बरोबर सुचतो.

एक दिवस नीलाबेन बेबाबाईला म्हणाल्या, "आपणा सुकलालभाईने केटलां बधां नाम आवडे छे!" किती नावं येतात त्याला! बेबाबाई म्हणाली, "हा का?" हे मला बऱ्याच नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो तर बेबाबाईने स्वतःहून हाक मारली. तिच्यापुढे टोपलीत एक लांबुडका, सापासारखा, ठिपक्यांचा मासा होता. वाम म्हणतात तो, हे एव्हाना मलाही ठाऊक झालं होतं.

"मोठी ती वाम," बेबाबाई म्हणाली. "हाई लहान शे ना, टिपकावाली, हिनं नाव येगळं शे. हिले आयतोबा म्हनतस."

"आयतोबा?"

"खेकडा बिय कोरस, कष्ट त्याना. हाई आयतीज जाईसन बठस. म्हनीसन आयतोबा. लिखी ले."

खेकड्याने कष्टाने बीळ कोरायचं आणि याने त्यात आयतं जाऊन बसायचं. मला नाव फारच आवडलं. इतकं अर्थाचं नाव अख्ख्या तक्त्यात दुसरं नव्हतं. मी तिच्यासमोर कधीच काही लिहीत नव्हतो, मग 'लिहून घे' असं ती का म्हणाली, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण मला शाळेपासून पाठ होती, तीही आठवली नाही. उलट मी घरी येऊन त्या वामेखाली दोन ओळींची टीप लिहिली: या नावातून खानदेशी माणसाची सूक्ष्म निरीक्षणशक्ती दिसते. नीलाबेननी ती टीप जशीच्या तशी घेतली.

पुस्तक छापून आलं. एका कॉलेजच्या सभागृहात छोटा समारंभ झाला. मी नवा शर्ट शिवला. बेबाबाई सुनेला घेऊन आली होती, इस्त्रीचं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत. नीलाबेनना एक कल्पना सुचली. त्यांनी माझी चित्रं एकामागून एक पडद्यावर दाखवली आणि बेबाबाईला उभं करून विचारलं, ओळख पाहू. बेबाबाई ओळखत गेली. मरळ. शिंगाडा. घोगऱ्या. मुरी. तिला वाचता येत नव्हतं, ती फक्त चित्र बघत होती, आणि पडद्यावर खाली छापलेलं प्रत्येक नाव तिच्या तोंडातून अक्षर न चुकता बाहेर येत होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. मला प्रत्येक टाळीला घाम फुटत होता. सभागृहात कोणीतरी हे जोडून बघेल, विचारेल की ही नावं नक्की सांगितली कोणी, असं वाटत होतं. आणि त्या भीतीतही हेवा सुटला नव्हता. चित्रं माझी, टाळ्या तिला.

मग ती ठिपक्यांची वाम आली. खाली ठळक अक्षरात 'आयतोबा'. सभागृहातली मराठी मंडळी नाव वाचून हसली. बेबाबाई वळून हसणाऱ्यांकडे बघायला लागली.

नीलाबेननी विचारलं, "बेबाबेन, नाम बराबर छे?"

बेबाबाईने सुनेला विचारलं, काय लिहिलंय. सुनेने सांगितलं. बेबाबाईने वळून माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "बराबर शे. पन तो नदीमा नही सापडस. नवागामना बाजारमा रोज येस. मासा लेस, पन खात नही."

लोकांना वाटलं, बाई गंमत करते आहे. हशा पिकला. नीलाबेनही हसल्या. हसलो नाही तो मी एकटाच. तेवढ्यात ती म्हण आठवली, नागोबा आठवला आणि मी माझ्याच हाताने लिहिलेली सूक्ष्म निरीक्षणशक्तीची टीपही आठवली. माझं नाव छापलेल्या पुस्तकात माझं दुसरं नावही छापलं गेलं होतं, आणि दोन्हींचं प्रूफ मीच तपासलं होतं.

त्यानंतर कित्येक दिवस मी बाजाराच्या रस्त्यानेच गेलो नाही. रागावलो होतो. माझी लाज निघाली म्हणून रागावलो होतो, मी केलं त्याबद्दल नव्हे. ते दुसरं यायला वेळ लागला. दुसरी आवृत्ती काढायची ठरली आणि नीलाबेननी दुरुस्त्यांसाठी बोलावलं, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. नावं कोणाची, मी ती कशी आणली, आयतोबा कोण.

नीलाबेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "सुकलालभाई, चित्रो तो तमारां ज छे ने?"

चित्रं तरी तुमचीच ना? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खवले मोजून मोजून डोळे गेले होते माझे. पण हा प्रश्न विचारायचा हक्क मीच त्यांना दिला होता. मी म्हणालो, "चित्रं माझी. तिसरा ठिपका पुसला तोही मीच." मग मीच त्यांना म्हणालो, नावांपुढे बेबाबाईचं नाव घाला, आणि सगळ्यात आधी ते आयतोबा काढा. माझी टीपही काढा. तिथे नुसती वाम असू द्या. नीलाबेन म्हणाल्या, काढायलाच हवं, ते माशाचं नाव नाही.

नवी आवृत्ती आली तशी एक प्रत घेऊन मी सकाळी बाजारात गेलो. बेबाबाईपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "आक्का, माझं चुकलं. नावांपुढे आता तुमचं नाव आहे." पान उघडून तिच्या नावावर बोट ठेवलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल तिच्या. खरं तर मी त्याच तयारीने गेलो होतो.

तिने पान बघितल्यासारखं केलं. "नावं काय मनी शेतस का?" ती म्हणाली. नावं तिची नव्हतीच म्हणे. "मायनी सांगी, मायले तिनी मायनी." मग तिने हात पुसले, पुस्तक माझ्याकडून घेतलं, चित्रं बघत बघत वामेचं पान काढलं आणि सुनेपुढे धरलं. "वाच."

सून म्हणाली, "वाम."

"फुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

बेबाबाईने माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी तिच्यावर आधी कधीच पाहिला नव्हता. सभागृहात मला भर लोकांत सोलणारी ती ही नव्हती. "आयतोबा काढी टाकं का तू?"

मी मान हलवली. वाटलं, समजावून सांगावं की ते खोटं होतं, माशाचं नाव नव्हतं.

सूनच मध्ये बोलली. "भाऊ, जुन्या पुस्तकातलं ते पान त्या रोज माझ्याकडून वाचून घ्यायच्या. गिऱ्हाइकांना दाखवायच्या."

बेबाबाई म्हणाली, "बठ्ठी नावं मायनी, आजीनी. जलममा एकज नाव मी सोता ठेवं व्हतं. तेबी तू पुसी टाकं."

गिऱ्हाईक आलं, तिने तराजू उचलला. मी पुस्तक घेऊन घरी आलो. तिच्यावर मी तीन वर्षं जळलो, पण त्या सकाळी जसा जळलो तसा कधीच नाही. तिने उभ्या जन्मात एक शब्द स्वतःच्या डोक्यातून काढला, तो इतका चपखल निघाला की शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसला, आणि माझ्या हातून आधी कुठेही नसलेलं असं काहीच आजवर निघालेलं नाही. माझ्या प्रतीत वामेखाली मी ते नाव पेन्सिलीने पुन्हा लिहून ठेवलं आहे. बाकी कुठल्याच नव्या प्रतीत ते नाही.